पैकीच्या पैकी

९ जानेवारी, गुरुवार

ही वही ह्यांनी आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कॉन्व्हेंट, आजपासून तुझा वर्ग सुरू. वही-पेन घेऊन बसायचं. ऐकलं आणि विसरले, असं चालणार नाही."

मी सिस्टरांच्या शाळेत शिकले, म्हणून लग्न झाल्यापासून हे मला कॉन्व्हेंट म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर काहीतरी बिनसलंय असं वाटेल.

खोटं कशाला लिहू, बेचाळीस वर्षांच्या संसारात घरातला फ्यूज कुठे असतो हे मला माहीत नव्हतं. हे तंत्रशाळेत लेथ मशीन शिकवायचे, छत्तीस वर्षं. घरात काही बिघडलं की समोरचं ताट सरकवून पेचकस शोधायला उठायचे. माझं काम बॅटरी धरायचं. तीही धड धरली नाही म्हणून ओरडा खायचा. "उजेड कामावर पाड, माझ्या तोंडावर काय बघतेस!"

आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ह्यांना मला शिकवायची हौस आली आहे. मला इतकं बरं वाटलं! शाळेत सिस्टर नव्या वहीला समास आखून घ्यायच्या, तसा मी लाल पेन्सिलीने समास आखला. ते बघून हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

वही पुढून ह्यांच्या धड्यांची. मागून माझी. मागचं ह्यांनी वाचायचं नाही, असं मी बजावलं आहे.

१२ जानेवारी, रविवार

फ्यूज झाला. गॅसचा सिलिंडर बदलणं झालं. ह्यांची शिकवायची पद्धत ठरलेली आहे. आधी मी करतो, तू बघ. मग दोघं करू. मग तू कर, मी बघतो. शेवटी तू मला शिकव.

"चौथी पायरी कशाला?" मी विचारलं.

"समोरच्याला शिकवता आलं म्हणजे आपल्याला आलं. मग मास्तराचं काम संपलं."

पहिल्या पायरीला ह्यांचा हात थरथरत होता. ऑक्टोबरपासून वाढलं आहे. मी दिसलंच नाही असं दाखवलं. आमटीचा चमचा सांडतो तेव्हाही मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. ह्यांना आवडत नाही कोणी बघितलेलं.

ऑक्टोबरचं आठवलं म्हणून लिहिते. निवृत्तीनंतरही हे आठवड्यातून दोन दिवस तंत्रशाळेत फुकट जायचे, मुलांना मशीनवर काम दाखवायला. तिथले नवे मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही खुर्चीत बसून सांगा. मशीनला हात नको." म्हणाले म्हणे अगदी अदबीने. हे घरी आले, बूट काढले आणि पॉलिश करून कपाटात ठेवून दिले. त्यानंतर गेले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, दगदग वाचली.

१७ जानेवारी, शुक्रवार

ह्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता. आता मोठ्या कारखान्यात फोरमन आहे, डोक्यावरचे केस गेलेत, पण ह्यांच्यासमोर अजून उभाच राहतो. ह्यांनी त्याला आपलं मोजमापाचं हत्यार देऊन टाकलं, ते मखमलीच्या पेटीतलं. केसाइतकी जाडीसुद्धा मोजतं. मला त्या पेटीवरची धूळ पुसायचीही परवानगी नव्हती!

"सर, तुम्हाला लागेल की."

"मला आता काय मोजायचंय रे?"

फोरमनचे डोळे भरून आले. मी चहा आणला. देताना मन मोठं असावं, असं सिस्टर सांगायच्या. मला ह्यांचा फार अभिमान वाटला.

२६ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, दर रविवारी अकराला फोन करते. धड्यांचं ऐकून खो खो हसली.

"बाबा तुला शिकवतायत? आई, मला सायकल शिकवताना तीन वेळा घरी निघून आले होते! मी तिथेच सायकल धरून रडत उभी."

"मला नाही रागावत. मी हुशार आहे."

"बरे आहेत ना पण?"

"छान आहेत. उलट सुधारलेत."

एरवी हे फोनवर "घे, आईशी बोल" एवढंच म्हणतात. आज पंधरा मिनिटं बोलले. तिची दाढ दुखत होती, त्याची चौकशी केली. सायकलीबद्दल माफी मागितली! "तेव्हा उगाच ओरडलो गं तुझ्यावर." ती बिचारी गोंधळली असणार. मी बाजूला बसून मटार सोलत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारपणी माणूस किती मऊ होतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोटर. हा धडा माझ्याच्याने होणार नाही.

जिन्याखाली पाण्याची मोटर आहे. अंगणातल्या टाकीतलं पाणी ती गच्चीवर चढवते. जुनी आहे, मधूनच हवा धरते. मग नुसती फिरत राहते, पाणी वर जात नाही, आणि तशी कोरडी फिरली तर जळते. तेव्हा बंद करायची, वरचा बोल्ट पान्ह्याने सोडवायचा, तांब्याने पाणी ओतत राहायचं, बुडबुडे थांबले की बोल्ट कसायचा आणि चालू करायची. मग कान द्यायचा.

"कशाला?"

"कोरडी असेल तर आवाज हलका असतो. पाणी धरलं की जड होतो. तो जड झालेला ऐकू आला पाहिजे. ते वहीत लिहून येत नाही."

मला दोन्ही सारखेच वाटले. तीनदा केलं, तीनदा बंद करावी लागली. पहिली पायरी तर झालीच नाही. पान्हा ह्यांच्या हातात बोल्टवर खडखड वाजत राहिला. ह्यांनी तो माझ्या हातात दिला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"बाकी कशालाही माणूस बोलावता येतो. सकाळी उठलीस आणि नळाला पाणी नसलं तर काय करशील? हे तुला आलंच पाहिजे गं."

"तुम्ही आहात की."

हे फडक्याला हात पुसत राहिले, हात केव्हाच कोरडे झाले होते तरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरकडे गेलो. ही आमची नेहमीची डॉक्टर, आमच्या लेकीच्याच वयाची. हे म्हणाले, झोप लागत नाही, पाठ धरते, तोंडाला चव नाही. तिने रक्तदाब बघितला, हाताच्या कंपाची गोळी बदलली. "या वयात झोप कमी होतेच, काका." बाहेर रांग होती.

येताना हे म्हणाले, "यावर औषध नाही."

"कशावर?"

बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "भाऊंसारखं तुला करायला लावणार नाही मी."

भाऊ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं ह्यांनीच केलं, कुशीवर वळवण्यापासून धुण्या-पुसण्यापर्यंत. शेवटी शेवटी भाऊ ह्यांना ओळखतही नव्हते.

मी म्हणाले, "अभद्र काहीतरी बोलू नका हं. चला, कॉफी पिऊ."

कॉफी प्यायलो. मी विषय बदलला. मला ते ऐकवत नव्हतं, हे खरं कारण. वही माझीच आहे, इथे तरी लिहावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा नापास. मोटर इतकी तापली की जळका वास आला. मला वाटलं आता सायकलवाला प्रसंग होणार, पण हे शांत होते. "जाऊ दे. तुला आल्याशिवाय मी काही तुला सोडत नाही."

बेचाळीस वर्षांत एवढं गोड वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी दिवसभर ते मनात घोळवत होते, सोळा वर्षांच्या मुलीसारखी. हसू येतं स्वतःचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक गुपित. हे केस कापायला जातात, वाचनालयात जातात, तेवढ्यात मी जिन्याखाली जाऊन सराव करते. पदर खोचून, तांब्या आणि पान्हा घेऊन. कोणी बघितलं तर म्हणेल बाईला वेड लागलं.

आज ऐकू आला! शाळेत समूहगानाच्या तासाला सिस्टर डोळे मिटायला लावायच्या. "डोळ्यांनी ऐकू नका मुलींनो, कानांनी ऐका." मी मोटरसमोर डोळे मिटले. आणि ती हलकी किरकिर एकदम खाली उतरली, भरलेल्या घशासारखी झाली. धावत गच्चीवर गेले. टाकीत पाणी पडत होतं.

ह्यांना एवढ्यात सांगायचं नाही. आधी पाच वेळा जमू दे. मग चकित करीन.

५ मार्च, बुधवार

आज परीक्षा दिली. मीच म्हणाले, "सर, या. परीक्षा घ्या."

बोल्ट सोडवला, पाणी ओतलं, कसला, चालू केली. डोळे मिटले. "आता," मी म्हणाले. आणि आवाज त्याच क्षणी जड झाला. डोळे उघडून बघते तर हे माझ्याकडे एकटक बघत होते.

"आता मला शिकव."

मग मी ह्यांना शिकवलं. ह्यांच्याच आवाजात, "उजेड कामावर पाड, तोंडावर काय बघता!" असंसुद्धा म्हणाले. हे मोठ्याने हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, मला तो थरथरताच आवडला. माझ्या हातून वही घेतली, माझ्याच लाल पेन्सिलीने धड्याखाली लिहिलं, पैकीच्या पैकी. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण सिस्टरांच्या कुठल्याही चांदणीपेक्षा मोलाचं.

दुपारी दोन वेळा वाढून घेतलं. संध्याकाळी अंगणात शीळ घालत होते. किती वर्षांनी!

बरे होतायत हे. मला आतून वाटतंय.

२ एप्रिल, बुधवार

हे गेले. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, सहा मार्चला. मी भाजी आणायला गेले होते.

आजाराने नाही गेले. आपणहून गेले. कसे, ते मी लिहिणार नाही.

लोकांना आम्ही हृदयविकार सांगितलं. मीच सांगितलं. पहिल्याच माणसाने विचारलं आणि तोंडातून ते निघालं, मग तेच चालू राहिलं. लेक म्हणाली, "आई, खरं सांगू या." मी म्हणाले, त्यांना कोणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. त्यांना की मला, कोण जाणे.

चिठ्ठी नव्हती. पोलिसांनी विचारलं, आम्ही सगळं उलथंपालथं केलं. उलथंपालथं करण्यासारखंही काही नव्हतं. कपाटं आवरलेली, कागद एका लाल फायलीत लावलेले, पान्हा सोडून बाकी हत्यारं देऊन टाकलेली, बूट पॉलिश केलेले.

चिठ्ठी नव्हती कशी म्हणू? ही वहीच. दोन महिने हे मला सांगत होते आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते. समास आखून.

१० एप्रिल, गुरुवार

मोटर रोज सकाळी मी चालू करते. हवा धरली तर काढते. एकदाही चुकत नाही.

मी नापास झाले असते तर?

"तुला आल्याशिवाय सोडत नाही." म्हणजे मला येत नव्हतं तोवर हे थांबले होते. एका बोल्टवर अडले होते. मी शहाणी, चोरून सराव केला. मी ढ असते तर आज हे खुर्चीत बसून माझ्यावर ओरडत असते.

आज हे मी लेकीला फोनवर सांगितलं. ती मग म्हणाली, "आई, मी सुट्टी बघते."

१५ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर घरी आली होती. बोलावलं नव्हतं. ह्यांच्या खुर्चीत बसायला गेली आणि थबकली, मग वेताच्या मोढ्यावर बसली.

"काकू, मी विचारायला हवं होतं. झोप लागत नाही म्हणाले, तेव्हा मी वय सांगितलं. का लागत नाही, मनात काय येतं, हे विचारलंच नाही."

मी तिला मोटरचं सांगितलं. तिने माझा हात धरला. "तुम्ही पास झालात म्हणून ते गेले नाहीत. ते आजारी होते. हाताचा आजार आपल्याला दिसला, मनाचा दिसला नाही. या पिढीची माणसं 'उदास वाटतं' म्हणत नाहीत, 'पाठ दुखते' म्हणतात. तो आजार बरा होण्यासारखा असतो, काकू. मला तेच सहन होत नाहीये."

मी म्हणाले, भाऊंचं काढलं होतं त्यांनी, मी कॉफी प्यायला नेलं. मला भीती वाटली, खोदून विचारलं तर नसलेलं मनात भरेल.

"सगळ्यांनाच वाटते. पण विचारल्याने भरत नाही. विचारलं की माणूस बोलतो."

चांगली मुलगी आहे. रडली. मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिचं सगळं पटलं, पण सकाळी मोटरपाशी उभी राहिले की काहीच पटत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

आज कपाट आवरलं. चांगले कपडे वेगळे काढले, लोकरीची शाल समोरच्या वहिनींना दिली. त्या नको नको म्हणत होत्या. विणायच्या सुयांचा डबा, शाळेतली गाण्यांची वही, कोणाला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या लावल्या.

फार हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२७ एप्रिल, रविवार

लेक काल आली, पंधरा दिवसांची सुट्टी काढून.

सकाळी मी तिला म्हणाले, बस जरा, घरातलं काय कुठे आहे ते तुला दाखवून ठेवते. एक कोरी वही आणली होती. समास आखून ठेवला होता. पहिल्या पानावर "पाठ पहिला" लिहिलं होतं.

तिने वही उघडली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही गं. तुला माहीत असावं म्हणून. आधी मोटर बघ, मग..."

"मला नाही शिकायचं."

"अगं, अवघड नाहीये. नुसतं कान देऊन..."

"मी ढ आहे! मला काही येत नाही. मला कधीच येणार नाही. ऐकलंस?" ओरडलीच. मग खाली फरशीवर बसली, माझे दोन्ही गुडघे धरले. लहानपणी ताप आला की अशीच धरायची.

"आई, तुला मरावंसं वाटतं का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, अभद्र काहीतरी बोलू नकोस, चल, चहा पिऊ. शब्द न् शब्द तयार होता. मीच तो ह्यांना दिला होता, आणि हे गप्प बसले होते.

नळ ठिबकत होता. हे असते तर ह्यांनी एव्हाना वायसर बदलला असता.

"हो," मी म्हणाले. "रोज सकाळी वाटतं."

ती उठली नाही. रडली नाही, विषय बदलला नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अजून सांग."

मी सांगितलं. काय काय सांगितलं ते आठवत नाही. गॅसवरचा भात करपला, दोघींनाही वास आला, दोघीही उठलो नाही. तीन वाजता तिने डॉक्टरला फोन केला. रविवार असूनही डॉक्टरने दवाखाना उघडला. बाहेर रांग नव्हती.

३० एप्रिल, बुधवार

फोरमनला फोन करून खरं सांगितलं. पडलेल्या आवाजात म्हणाला, "पेटी दिली तेव्हाच मला कसंसं वाटलं होतं. मी काही बोललो नाही." तोही. आम्ही किती जण होतो!

एकत्र बसून एकेकाने आपापलं सांगितलं असतं, तर जानेवारीतच कळलं असतं.

शाल वहिनींनी आपणहून परत आणून दिली. म्हणाल्या, थंडीत मागायला येईन, तेव्हा तुम्हीच द्या.

१८ मे, रविवार

लेकीने सुट्टी वाढवली. मी दर गुरुवारी डॉक्टरकडे जाते. गोळी चालू आहे. काही सकाळी अजून तेच वाटतं. वाटलं की लेकीला सांगायचं, असं ठरलंय. ती दात घासत असली तरी. परवा तोंडात फेस घेऊन ऐकत उभी होती.

ह्यांच्यावर मी फार रागावले आहे, हे मला या आठवड्यात कळलं. शिकवायला दोन महिने होते, सांगायला एक मिनिट नव्हतं? रागावते आणि मग ह्यांचा शर्ट हुंगते. त्याचा वासही आता जात चालला आहे.

आज मोटरने हवा धरली. मी उठले, तर लेक म्हणाली, "थांब. मी करते. तू पायरीवर बस."

ह्यांच्या पायरीवर बसले. तिने बोल्ट उलटा फिरवला, मग सुलटा, तांब्याभर पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. "सांगू नकोस, सांगू नकोस!" बोल्ट कसला, मोटर चालू केली.

आम्ही दोघी कान देऊन राहिलो. आवाज किरकिरत राहिला, आणि मग खाली उतरला. जड झाला. अगदी स्पष्ट. वर टाकीत पाणी पडायला लागलं.

"ऐकू आला?" मी विचारलं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नाही बाई. मला काहीच कळलं नाही."

मी घरात येऊन ही वही पुढून उघडली. ह्यांच्या अक्षराखाली थोडी जागा सोडली आणि लाल पेन्सिलीने लिहिलं, दहापैकी दोन. पुढच्या रविवारी पुन्हा.